दादाचा बंधारा, अक्काची वाळू

किनाऱ्यावर तिला नावानं ओळखणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांसाठी ती पट्टीवाली. विद्यापीठाच्या सागरविज्ञान विभागात ती तांत्रिक सहायक होती, आणि दर महिन्याला मोठ्या ओहोटीच्या दिवशी तिपाई, दुर्बीण आणि आकडे रंगवलेली माणसाहून उंच पट्टी घेऊन वाळूवर उतरायची. रस्त्याकडेच्या खुणेच्या दगडापासून पाण्यापर्यंत किनारा कसकसा खाली उतरतो ते मोजायचं, आणि मागच्या खेपेपेक्षा वाळू वाढली की घटली ते बघायचं. काम एवढंच. पण ते तिनं लग्नाआधी केलं होतं, पोटुशी असताना केलं होतं, आणि मुलगी शिकायला दूर गेली तरी करत होती.

"तू समुद्राला कपडे शिवणार आहेस का गं? दर महिन्याला मापं घेतेस ती," असं तिची नणंद म्हणायची.

मापं घेऊन झाली की प्लास्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून ती विभागात आणायची. तळघरातल्या खोलीत ती भट्टीत वाळवायची, एकावर एक रचलेल्या चाळण्यांत घालायची, आणि यंत्र चालू केलं की सगळी खोली हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची. जाड कण वर राहायचे, बारीक खाली जायचे. विभागातले प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते कधीमधी दारात उभे राहून विद्यार्थ्यांना ऐकवायचे, "हातात आहे तेवढंच बोला. त्यापुढचं कोणी विचारलं तर सरळ म्हणायचं, सांगता येत नाही. यात लाज वाटायचं काही कारण नाही." तिला ते फार पटायचं. घरातसुद्धा ती तसंच बोलायची. भाजी कशी झाली असं नवऱ्यानं विचारलं तर म्हणायची, "तुम्ही खाल्ल्याशिवाय सांगता येत नाही."

तिचं माहेर आणि सासर एकाच किनाऱ्यावर होतं. वाळूच्या लांबलचक पट्ट्याच्या दक्षिण टोकाला तिच्या थोरल्या भावाचं घर. दादा तिथं वहिनी आणि म्हाताऱ्या आईसोबत राहायचा. उत्तरेच्या टोकाला तिच्या नणंदेचं मासे वाळवण्याचं आवार होतं. ही नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, अक्का. आईबाप लवकर गेल्यावर तिनंच या भावाला वाढवलं, शिकवलं, पोस्टात चिकटवलं, आणि मग स्वतः बघून त्याचं लग्न लावलं. आपलं लग्न करायचं मात्र राहूनच गेलं. वाळूवर लाकडी चौकटी रोवलेल्या, त्यांवर जाळ्या ताणलेल्या, आणि त्यांवर उन्हात चांदीसारखे चमकणारे मासे. हाताखाली गल्लीतल्या चार बायका. अक्काच्या अंगाला तो वास कायमचा बसला होता, आणि लग्नकार्यात कोणी नाक मुरडलं की ती मुद्दाम त्याच्याच शेजारी जाऊन बसायची.

त्या वर्षी वादळी महिन्यांत समुद्र दादाच्या घरापर्यंत आला. आधी कुंपण गेलं, मग मागची मोरी. एका दुपारच्या उधाणाला पाणी थेट पुढच्या खोलीत शिरलं. पट्टीवाली धावत पोहोचली, तेव्हा आई खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि खाटेखाली पाणी हिंदकळत होतं. वहिनी बादलीनं पाणी बाहेर टाकत होती, आणि जेवढं टाकत होती तेवढंच आत येत होतं.

"छोटे, काहीतरी कर," दादा म्हणाला. "तुझं सगळं आयुष्य या वाळूत गेलं. तुझ्या ओळखी आहेत. आईला घेऊन कुठं जाऊ मी?"

दादाला ती कधी नाही म्हणू शकली नव्हती. लहानपणी शाळेत कोणी तिला मारलं तर तो भांडायला जायचा आणि स्वतः मार खाऊन यायचा. पण या वेळी तिला फार काही करावंच लागलं नाही. दादाच्या गल्लीनं अर्ज केले, मोर्चा नेला, आणि बंदर खात्यानं तिथं मोठमोठ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालायचं ठरवलं. त्यासाठी बैठक बोलावली आणि विद्यापीठाचं मत मागवलं. सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "बाई, किनारा तुमच्याइतका कोणी बघितलेला नाही. नकाशे घ्या आणि तुम्हीच जा."

बैठक खात्याच्या लांबट खोलीत होती. पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. मागच्या खुर्च्यांवर गल्लीतली माणसं आणि त्यांच्यात दादा, इस्त्रीचा शर्ट घालून. उत्तर टोकाकडून कोणी आलं नव्हतं. तिकडच्या कोणाला बोलावलंच नव्हतं, कारण तिकडं काही बांधायचं नव्हतं. तिनं नकाशे दाखवले, दक्षिणेची वाळू कशी घटत गेली ते सांगितलं. खात्याचा इंजिनिअर तरुण होता, नीट ऐकणारा होता. त्यानं पेन खाली ठेवून विचारलं, "मॅडम, इथं बंधारा घातला तर उत्तरेच्या वाळूवर परिणाम होईल का?"

प्रश्न सरळ होता. उत्तरही तिला माहीत होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी विभागातल्या एका विद्यार्थिनीनं नारिंगी रंगवलेली वाळू दादाच्या घराखालच्या किनाऱ्यावर टाकली होती. मग वादळी महिने संपल्यावर सगळ्या किनाऱ्यावरचे नमुने आणून दिव्याखाली तपासले. अक्काच्या आवारापुढून आणलेल्या वाळूत पट्टीवालीला स्वतःला नारिंगी कण सापडले होते. अगदी थोडे, बोटावर मावतील एवढे. सर म्हणाले होते, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, आणि ते खरंच होतं. पण त्यानंतर दर महिन्याला किनारा मोजताना तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. खवळलेल्या दिवसांत दादाकडची वाळू उतरायची आणि मागाहून अक्काकडची चढायची. दादाच्या घराखालचा वाळूचा उंचवटा ही अक्काच्या किनाऱ्याची शिदोरी होती. तो दगडाखाली बंद केला तर पुढं जायला काही उरणार नव्हतं.

तिला मागं वळून बघायची गरज नव्हती. दादा खुर्चीच्या काठावर बसलाय, हे तिला पाठीला कळत होतं. आणि डोळ्यांपुढं ती खाट होती.

"आमच्याकडे तेवढा पुरावा नाही," ती म्हणाली. "सांगता येत नाही."

इंजिनिअरनं मान हलवली, टिपून घेतलं, आणि बैठक पुढं सरकली. मग चहा आला. दादानं बाहेर तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसता दाबला. घरी येताना बसमध्ये तिनं स्वतःला समजावलं की आपण एक अक्षरही खोटं बोललो नाही. आणि तेच तिला टोचायला लागलं, कारण खोटं बोललो असतो तर निदान कधी पकडले तरी गेलो असतो.

बंधारा झाला. ट्रक येत राहिले, दगड पडत राहिले. पुढच्या उधाणाला लाटा दगडांवर आपटून परत गेल्या, आणि आईच्या खोलीतली फरशी कोरडी राहिली. वहिनीनं भिंतींना नवा रंग दिला. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायला लागली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या छोटीनं केलं हे." पट्टीवाली तिथं असली की ते ऐकून भांडी घासायला आत जायची. वहिनीला वाटायचं, आपली नणंद किती कामाची आहे.

उत्तरेकडं पहिल्या वर्षी विशेष दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी वाळू उतरली आणि चढली नाही. अक्काच्या पुढच्या रांगेतल्या चौकटींचे खांब उघडे पडले. खेकड्यानं पाय लांब करावेत तसे ते दिसायला लागले.

"या वर्षी समुद्राला भूक जास्त आहे," अक्का म्हणाली. "भरेल पुढच्या वर्षी. आजपर्यंत भरतच आलाय."

पट्टी धरलेल्या विद्यार्थ्याला ती "सरळ धर" म्हणाली, दुर्बिणीला डोळा लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. डोळा काढला असता तर अक्काकडं बघावं लागलं असतं.

त्या काळात ती अक्काशी फारच गोड वागायला लागली. सुट्टीच्या दिवशी जाऊन मासे उलटवायला मदत करायची, जाताना फळं घेऊन जायची, तिचे पाय दुखतात म्हणून तेल न्यायची. अक्का काही दूधखुळी नव्हती. एकदा तेलाची बाटली हातात घेऊन तिनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गं, मला काही मोठा आजार झालाय का? डॉक्टरनं तुला सांगितलं आणि मला नाही, असं काही?"

"नाही हो अक्का."

"मग एवढी लाडीगोडी कशाला? आधी होतीस तशीच बरी होतीस. फटकळ."

ती हसली. आणि चौकटीवरचे मासे उलटवायला वळली.

तिसऱ्या वर्षी वादळी महिने सुरू झाले आणि एका सकाळी अक्काचं आवार गेलं. एका झटक्यात नाही. सकाळभर थोडं थोडं करत गेलं, आणि सगळ्यांनी उभं राहून बघितलं. चौकटी आडव्या झाल्या, जाळ्या लाटांत गुंडाळल्या गेल्या, मग मीठ ठेवायची पत्र्याची खोली एका बाजूनं खचली आणि हळूच पाण्यात बसली. बायकांनी जमेल तेवढ्या टोपल्या रस्त्यावर आणल्या. पट्टीवाली आणि तिचा नवरा पोहोचले तेव्हा अक्का रस्त्याच्या कठड्यावर बसली होती. पदर ओला, पायात एकच चप्पल. ती रडत नव्हती. हात मांडीवर उताणे पडले होते, आणि तिच्या हातांना काही काम नाही असं पट्टीवालीनं पहिल्यांदाच बघितलं.

नवरा बहिणीशेजारी बसला. "घरी चल," म्हणाला.

"चलते. पण जरा बघू दे."

घरी आल्यावर अक्का आतल्या खोलीत आडवी झाली. स्वयंपाकघरात नवरा चहा टाकत होता. पट्टीवाली ओट्याला टेकून उभी राहिली, आणि बैठकीत काय विचारलं गेलं, आपण काय बोललो, आपल्याला काय माहीत होतं, हे सगळं तिनं त्याला सांगितलं. चहा उतू गेला. त्यानं गॅस बंद केला आणि फडक्यानं ओटा पुसला. पुसून झाला तरी तो पुसतच राहिला.

"हे मला कशाला सांगतेस?" शेवटी तो म्हणाला. "माझं काय गेलंय? तिला सांग."

"तिची ही अवस्था असताना?"

"मग कधी? ती बरी झाल्यावर पुन्हा पाडणार आहेस का तिला?"

त्याचा आवाज चढला नव्हता. लग्नानंतर एवढ्या वर्षांत तो तिच्याशी असं परक्यासारखं कधी बोलला नव्हता.

तिनं त्याच संध्याकाळी अक्काला सांगितलं. अक्का पलंगावर बसून केस विंचरत होती, मिठानं ते चिकटले होते. पट्टीवाली खाली जमिनीवर बसली. सांगताना तिच्या तोंडात मधेच तळघरातली भाषा यायला लागली, वहन आणि धूप आणि नमुने, तेव्हा अक्कानं कंगवा थांबवला.

"सरळ बोल. माझी वाळू तुझ्या भावाच्या दारातून यायची. बरोबर?"

"हो."

"आणि तुला ते ठाऊक होतं."

"हो. कागदावर सिद्ध नव्हतं, पण मला ठाऊक होतं."

अक्का बराच वेळ कंगव्यातले केस काढत बसली. मग म्हणाली, "तुझ्या आईच्या खाटेखाली पाणी आलं होतं, ते मी ऐकलंय. म्हातारीला पाण्यात ठेवून मासे वाळवा, असं मी म्हणाले असते असं तुला वाटलं का?"

पट्टीवाली जमिनीवर पडलेला केसांचा गुंता उचलून बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हणालेही असते कदाचित. माझा काही भरवसा नाही. चार बायकांची पोटं होती तिथं. पण तू विचारायला तरी यायचं होतंस. तुझ्या घरापासून माझं आवार काय परदेशात आहे? मला आधी कळलं असतं तर दोन वर्षांत मी कुठं तरी सरकले असते. खांब उपटून नेले असते. मीठ तरी वाचवलं असतं." ती थांबली. "आणि ते तेल. ते तू मला लावत होतीस की स्वतःला?"

"अक्का, मला..."

"माफ करा म्हणू नकोस. आत्ता माझ्याजवळ माफी नाहीये. उगाच हो म्हणेन आणि मग मला रोज तुझ्याशी खोटं वागावं लागेल."

अक्कानं दिवा मालवायला सांगितला आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवाली सरांच्या खोलीत गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "बाई, शास्त्राच्या दृष्टीनं तुम्ही काही चूक बोलला नाहीत. माझं उत्तरही तेच असतं."

"तुमचं असतं, सर. कारण तुम्हाला तेवढंच माहीत होतं. त्या इंजिनिअरनं मला विचारलं होतं, परिणाम होईल का. शंका आहे, भीती आहे, आधी तपासून बघा, एवढं तर मला म्हणता आलं असतं. मी तुमचे शब्द घेतले आणि त्यांच्या आड लपले."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. खिडकीबाहेर विद्यार्थी बोटीला लावायची जाळी धूत होते. मग सरांनी विचारलं, "आता काय करायचं म्हणता?"

करायचं काय ते तिनं ठरवून ठेवलं होतं. नारिंगी वाळूचा प्रयोग पुन्हा करायचा, या वेळी भरपूर वाळू टाकून, आणि निकाल घेऊन खात्याकडं जायचं. सरांनी त्यासाठी मागं लागून परवानगी काढली. वादळी महिने उलटले. या खेपेला नारिंगी कण बंधाऱ्याच्या पायथ्याशी खोल पाण्यात सापडले, आणि अक्काकडं जवळजवळ नाहीतच. जुन्या आणि नव्या निकालात जो फरक होता, तोच पुरावा होता.

दुसरी बैठक त्याच लांबट खोलीत झाली. या वेळी दोन्ही टोकांची माणसं होती. अक्का आली नव्हती, पण तिच्याकडच्या बायका आल्या होत्या. दादा पुढच्याच रांगेत होता. पट्टीवालीनं निकाल सांगितले. मग म्हणाली, "मागच्या वेळी मला हा प्रश्न विचारला होता. तेव्हाही मला अंदाज होता आणि मी तो सांगितला नाही. बंधाऱ्यामागं माझ्या भावाचं घर आहे. हे खात्याला माहीत असायला हवं होतं."

खोलीत कुजबुज झाली. इंजिनिअर तोच होता, आता थोडा पोक्त झालेला. तो तिच्याकडं बघत राहिला. रागानं नाही, पण पूर्वीसारखं विश्वासानंही नाही. ती नजर तिला शिव्यांपेक्षा जास्त लागली.

बाहेर दादानं तिला गाठलं. "बंधारा काढायला लावणार आहेस?"

"नाही दादा. काढून आता दोन्हीकडचं जाईल. मी असं कुठं म्हणाले?"

"गल्लीसमोर माझी मान खाली घातलीस. मी तुला खोटं बोलायला सांगितलं होतं का?"

"नाही. तू काहीच सांगितलं नव्हतंस. मीच केलं."

"मग आता माझ्या नावानं कशाला उगाळतेस?" दादा म्हणाला. "आईनं सगळ्यांना सांगितलंय, छोटीनं केलं. आता ती काय सांगणार?"

तो रस्ता ओलांडून निघून गेला आणि त्यानंतर त्यानं तिचा फोन उचलला नाही. वहिनी तो कामावर गेला की तिला कळवायची, आणि मग ती आईला भेटून यायची. आई विचारायची, तू हल्ली दादा नसतानाच का येतेस? ती म्हणायची, कामाच्या वेळा बदलल्यात. एका खोट्याची कबुली देऊन आल्यावर दुसरं खोटं इतक्या सहज तोंडातून निघतं, याचं तिला नवल वाटायचं, आणि शरमही.

विद्यापीठात तिला कोणी काही बोललं नाही. विभागप्रमुखांनी समज दिली आणि यापुढं बाहेरच्या बैठकांना तिला पाठवायचं नाही असं ठरलं. ती म्हणाली, बरोबर आहे.

खात्यानं मात्र एक गोष्ट केली. बंदरातून दरवर्षी उपसली जाणारी वाळू आतापर्यंत दूर खोल समुद्रात टाकायचे, ती उत्तर टोकाला टाकायचं ठरलं. ठरायला वेळ लागला, व्हायला त्याहून जास्त. तोवर अक्कानं रस्त्यापलीकडची एक पडीक जागा भाड्यानं घेतली. तिथं ऊन कमी, वारा कमी, आणि शेजारच्या इमारतीतली माणसं वासाच्या तक्रारी करायची. दोन बायका तिच्याबरोबर राहिल्या, दोघी दुसऱ्या कामाला लागल्या. त्यांतली एक पट्टीवालीला बाजारात दिसली की मान वळवायची. पट्टीवाली मात्र रस्ता बदलत नसे. तिला वाटायचं, तेवढं तरी आपण बघून घ्यावं.

अखेर एके दिवशी बंदराचा पडाव, वाळू वाहणारी सपाट मोठी होडी, उत्तर टोकाला आला आणि जाड नळीतून काळपट वाळू आणि पाणी भसाभस ओतायला लागला. अर्धा गाव बघायला जमला. अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ही वाळू आहे की गाळ?" तिनं विचारलं. "माझ्या माशांना लोक उगाच नाकं मुरडतात."

"धुऊन निघेल," पट्टीवाली म्हणाली. "काही राहील, काही जाईल. किती राहील ते मला माहीत नाही. माझा अंदाज आहे निम्मीही राहणार नाही. दर महिन्याला मोजून तुम्हाला सांगेन."

"चांगलं असो, वाईट असो?"

"हो."

निम्मीच्या आसपास राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा टाकली, तेव्हा थोडी जास्त राहिली. आवार पुन्हा मांडण्याइतका किनारा अजून झालेला नाही, आणि होईलच असं कोणी म्हणत नाही. पट्टीवाली मोजणी झाली की सामान गाडीत ठेवते आणि विद्यार्थ्यांना चहाला पाठवून रस्त्यापलीकडं जाते. अक्का मासे साफ करत असते. ती हात न थांबवता ऐकून घेते, एखादा प्रश्न विचारते, कधी नुसतंच हं म्हणते. माफीचा विषय दोघींपैकी कोणीही पुन्हा काढलेला नाही.

मागच्या महिन्यात पट्टीवालीचं सांगून झालं आणि ती उठायला लागली, तेव्हा अक्का म्हणाली, "तुझी आई कशी आहे?"

"बरी आहे. खिडकीत बसलेली असते."

"खोली कोरडी आहे ना?"

"आहे."

"बरं," अक्का म्हणाली, आणि पाट सरकवून तिला बसायला जागा केली. "सुरी घे तिकडची. एवढी टोपली राहिलीय."